करवंदी तळ्याची मोरी आणि हिरीबाईवरील शिकारीचा ठपका

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
तळे सुशोभीकरण व पक्षी-पर्यटन कक्ष,
तालुका मावळ, जिल्हा पुणे.

विषय: ठाकरवाडीच्या श्रीमती हिरी गेणू मेंगाळ यांना दिलेली नोटीस मागे घेणे व करवंदी तळ्याच्या मोरीला पुन्हा कुलूप न लावणे याबाबत.

संदर्भ: मोरी उघडण्याबाबतचा माझा दिवाळीनंतरचा अर्ज, ज्याच्या उत्तरादाखल आपण मला पक्षी महोत्सवाची निमंत्रणपत्रिका पाठवली.

महोदय (अर्जात दुसरे संबोधन चालत नाही म्हणून),

१. मी निवृत्त आरोग्यसेविका असून भाजे गावाजवळच्या करवंदी तळ्याखाली माझी मसुराची पट्टी आहे. म्हणजे तळ्याचे पाणी सुटण्यात माझा स्वार्थ आहे. तो शोधून काढण्याचे कष्ट आपल्याला पडू नयेत म्हणून मीच सांगून टाकते.

२. भातकापणी झाली की गाव दरवर्षी तळ्याच्या बांधातली मोरी थोडी उघडत असे. पाणी मसुराला जाई, तळे हळूहळू उतरे आणि काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडे. त्यातले किडे, गोगलगाई, कोवळे गवत खायला थंडीत उत्तरेकडची पाखरे येत: चक्रवाक, थापट्या, तुतवार. आपली नेमणूक होण्याआधीपासून ती येत होती, ही गोष्ट आपल्या अहवालात मला सापडली नाही.

पायडल बोटींना काठोकाठ पाणी लागते म्हणून आपण मोरीला कुलूप घातले. चिखल बुडाला. ज्या पाणकणसात पाणकोंबड्या घरटी करत, ते 'अस्वच्छता' ठरवून उपटले आणि तिथे दगड बसवले. बोटींचा आकार मात्र बदकाचा ठेवला. बदकांसाठी आपण एवढेच केलेले माझ्या पाहण्यात आहे. प्रवेशद्वारावरच्या पाटीत रोहित पक्षी रंगवला आहे, तो या तळ्यावर कधी उतरलेला गावात कुणाला आठवत नाही. पण रंगवण्याआधी गावाला विचारणे आपल्या पदाला शोभले नसते, हे मी समजू शकते.

३. आता महोत्सवाबद्दल. हिरीबाई तिथे आगंतुक म्हणून आलेली नव्हती. पाहुण्यांपुढे नाचायला ठाकरवाडीच्या बायका आपणच बोलावल्या होत्या. मीही निमंत्रण होते म्हणून मागच्या खुर्चीत बसले होते. 'पाहुण्या पक्ष्यांचे स्वागत' या विषयावर आपले भाषण रंगात आले असताना, बोटी बांधाच्या भिंतीकडे जाऊ नयेत म्हणून आपण लावलेल्या नायलॉनच्या जाळ्यात एक चक्रवाक अडकला. पंख आपटू लागला. काठावरच्या पाहुण्यांनी कॅमेरे काढले. हिरीबाईने भेळवाल्याची सुरी घेतली, लुगडे खोचले आणि छातीभर पाण्यात शिरली. जाळे कापून, पाखरू पोटाशी धरून बाहेर आली. आपण मंचावरून रक्षक आदिनाथला तिला धरायला सांगितलेत आणि स्वतः खाली उतरलात.

"सायेब, जाळ्यात व्हतं. मी सोडीवलं," ती म्हणाली.

"मग हातात कशाला धरलंयस?" आपण विचारलेत.

"पंख मोडलाय त्याचा. उडंल कसं?"

हा प्रश्न आपल्याला जड गेला असावा, कारण लगेच आपण पंचनामा करायला घेतलात.

४. जिवंत पाखराला आपण 'मुद्देमाल' म्हणालात आणि बिसलेरीच्या रिकाम्या खोक्यात घालून ध्वनिक्षेपकाशेजारी ठेवलेत. हिरीबाई परत परत म्हणत होती, "पाणी तरी पाजा त्याला." मुद्देमालाला हात लावायचा नाही, असे आपण बजावलेत. लोणावळ्याहून जनावरांचा डॉक्टर बोलवा, असे मी म्हटले, तर आज रविवार असल्याचे कळले. चक्रवाक जोडीने राहतो. त्याची मादी तळ्यावर घिरट्या घालत ओरडत होती. एक पाहुण्या बाई म्हणाल्या, "किती गोड आवाज आहे," आणि आपण माईकवरून त्यांचे आभार मानलेत. आभारप्रदर्शन संपेपर्यंत खोक्यातली हालचाल थांबली होती.

५. त्यानंतर हिरीबाईला शिकारीची नोटीस आली आणि तळ्यावर यायची बंदी झाली. नोटीस वाचता न आल्यामुळे तिने ती माझ्याकडे आणली. नोकरीत असताना तिची बाळंतपणे मी केली आहेत. कळा सोसतानाही ही बाई कधी घाबरलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी उंबऱ्यावर बसून तिने विचारले, "बाय, मी त्याला जाळ्यातच मरू दिला असता तर बरं झालं असतं का?" आपल्यासारख्या सुशिक्षित माणसाने साध्या बाईला हा प्रश्न पडण्याइतके खाली आणावे, याची लाज मला वाटली. आपल्याला ती वाटण्याची वाट पाहण्याइतके माझे वय आता उरलेले नाही.

६. सबब काल सकाळी मी पहार घेऊन तळ्यावर गेले आणि मोरीचे कुलूप तोडले. हिरीबाई बरोबर नव्हती, तिचे नाव यात गोवू नये. आदिनाथने मला रीतसर अडवले, हे त्याच्या बाजूने नमूद करते. मी ऐकले नाही, तेव्हा तो म्हणाला, "मावशी, सायबांना काय सांगू?"

"सांग, बाईनं कुलूप तोडलं आणि कळवते म्हणाली."

पाणी माझ्या पट्टीत आणि खालच्या इतरांच्याही रानात गेले. जाळेही मी कापून गुंडाळून आपल्या तिकीटखिडकीत ठेवले आहे.

७. तरी हिरीबाईवरील ठपका लेखी मागे घ्यावा, आणि तळे थंडीत उतरू द्यावे. गुन्हा नोंदवायचाच असेल तर माझ्यावर नोंदवावा, मी घरीच असते.

आज सकाळी पूर्वेच्या काठाला हातभर चिखल उघडा पडला. त्यावर तुतवार उतरले आहेत. चक्रवाक अजून नाहीत, आणि ते येतील असे आश्वासन मी देत नाही, तो आपला प्रांत आहे. पाहणीस जरूर यावे. मात्र येताना बूट काढून हातात घ्यावे लागतील. पाखरे जिथे उतरतात तिथे पाय भरतात.

उत्तराची अपेक्षा नसलेली,
श्रीमती शालन सखाराम भालेराव
मु. भाजे, ता. मावळ
दि. १४ जानेवारी २०२५