एइनो रासिला यांचे नाव नव्या दगडावर राहावे म्हणून

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
स्मारके व बागा विभाग,
नगरपालिका, मोंतरिउ.

विषय : परदेशी स्वयंसेवक सैनिकांच्या स्मारकावरील एका नावाबाबत तिसरा व शेवटचा अर्ज.

संदर्भ : आपली दि. १४ जुलै व २ सप्टेंबर २००९ ची नकाराची पत्रे.

महोदय,

मी खाली सही करणारी, वय वर्षे सत्तर, मंडईत खारवलेल्या माशांचे दुकान अडतीस वर्षे चालवून आता घरी बसलेली, आपणांस विनंती करते की हा अर्ज शेवटपर्यंत वाचावा. आधीचे दोन वाचले गेले असावेत असे उत्तरांवरून वाटत नाही.

१. नदीकाठच्या चौकातील स्मारकावर, यादवी युद्धात समुद्रापलीकडून आपल्या प्रजासत्ताकाच्या बाजूने लढायला आलेल्या आणि इथेच मेलेल्या दोनशे अकरा जणांची नावे आहेत. ते उभारल्यापासून दर वर्षी सर्व संतांच्या दिवशी मी तिथे जाते. त्या दिवशी इथला प्रत्येक माणूस बादली, फडके आणि शेवंती घेऊन आपापल्या माणसांच्या थडग्यांवर जातो. माझ्या वडिलांना थडगे नाही, म्हणून माझी बादली स्मारकावर जाते. वरून तिसऱ्या ओळीतले त्यांचे नाव धुताना शेजारची चार-दोन नावेही धुऊन निघतात. त्याबद्दल आपल्या विभागाने कधी हरकत घेतली नाही, आणि आभारही मानले नाहीत.

२. यंदा दगडाला तडा गेल्यामुळे नवा दगड बसणार आहे. आपल्या परिपत्रकानुसार, ज्या नावाला १५ ऑक्टोबरपर्यंत नातेवाईकाचा दुजोरा मिळणार नाही ते नव्या दगडावर कोरले जाणार नाही. एइनो रासिला, लाकूडतोड्या, राहणार पोर्ट आर्थर, कॅनडा, यांच्यासाठी तिकडून कोणाचे पत्र आले नाही. येणार कोठून? तो अनाथ माणूस होता. म्हणून मी नमुना क्रमांक एक भरला आणि नात्याच्या रकान्यात ‘मुलगी’ असे लिहिले.

३. आपण कळवलेत की माझ्या जन्मनोंदीत पिता अज्ञात आहे. ते मला ठाऊक आहे, सत्तर वर्षे मी तेच कागद घेऊन फिरते. माझ्या आईचे, अस्सुम्प्ता पुजाल विव्हेस यांचे, लग्न फेब्रुवारी १९३८ मध्ये आपल्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर, तेव्हाच्या महापौरांसमोर झाले. तिथे आता आपले झेरॉक्सचे मशीन आहे. सप्टेंबरात वडील एब्रो नदीकाठी मारले गेले. जानेवारीत प्रजासत्ताकाला हरवून जिंकलेले सैन्य शहरात आले आणि चर्चबाहेर लागलेली लग्ने रद्द झाली. मी फेब्रुवारीत जन्मले.

आपल्याकडे माणूस दोन आडनावे लावतो, पहिले बापाचे आणि दुसरे आईचे. माझी दोन्ही आईचीच आहेत. कागदावर मी माझ्या आईची धाकटी बहीण दिसते. शाळेत बाई हजेरी घेताना ती दोन आडनावे वाचत, आणि वर्गाला सगळे कळत असे. मला कोणाला काही सांगावे लागले नाही.

जन्मनोंदीच्या टेबलावर आईला सांगण्यात आले की पिता अज्ञात असल्याचे लिहिले आहे, खाली सही कर. शेजारी बंदूकवाला शिपाई उभा होता. आई म्हणाली, “अज्ञात कसा? मला माहीत आहे ना तो कोण. नाव सांगते, लिहून घ्या.” कारकुनाने लिहून घेतले नाही, आणि आईने सही केली नाही. त्या जागी ‘सहीस नकार’ असा शेरा आजही आहे, आपण पाहू शकता. ती ज्या मठाच्या धुलाईघरात कामाला होती तिथेही हीच सही मागितली गेली. तिने काम सोडले आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे लोकांच्या चादरी नदीवर धुतल्या. अखेरच्या आजारात मला म्हणाली, “मी त्या कागदावर सही केली नाही. एवढं एक काम नीट झालं बघ.”

४. आपल्या त्याच पहिल्या पत्रात एक तोड सुचवली आहे : पित्याने मुलीच्या जन्मानंतर, स्वतःच्या हयातीत दिलेले लेखी मान्यतापत्र जोडावे. माझे वडील माझ्या जन्माआधी पाच महिने मेले. ते कामसू होते असे आई सांगे, पण हे काम त्यांच्याकडून झालेले दिसत नाही.

५. आपल्या खिडकीवरील मेरित्सेल ही मुलगी चांगली आहे. तिची तक्रार नाही. ती म्हणाली, “मावशी, मला तुमचं पटतं हो. पण ‘पटलं’ असा रकाना नाही फॉर्मात.” तिनेच मला नमुना क्रमांक दोन दिला. नातेवाईक नसलेला नागरिकही नावाची हमी देऊ शकतो. अटी दोन : स्मारकाला सलग दहा वर्षे भेट दिल्याची नोंद हवी, आणि सैनिकाशी आपले काहीही नाते नाही अशी शपथ हवी, म्हणजे कोणी आपल्याच घरातली नावे घुसडणार नाही. बागेच्या रखवालदाराच्या वहीत, नळाचे पाणी वापरणाऱ्यांच्या पानावर, सलग दहा वर्षे नोंद असलेले नाव एकच आहे. ते माझे आहे. म्हणजे दुसरा कोणी हमी देऊ शकत नाही.

मी शपथेचा रकाना कोरा ठेवून नमुना दोन भरला. तो आपल्या दुसऱ्या पत्रासोबत परत आला. कारण असे की, नमुना एकनुसार अर्जदार ही मृताची मुलगी आहे.

नमुना एकला मी मुलगी नाही आणि नमुना दोनला मी मुलगी आहे. मंडईत असा तराजू ठेवला असता तर आपल्याच निरीक्षकांनी माझे दुकान बंद केले असते. मी मेरित्सेलला विचारले की मग मी आहे तरी कोण. ती आत जाऊन आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “साहेब म्हणतात, दोन्ही उत्तरं नियमाला धरूनच आहेत. पहिला अर्ज मागे घ्या. मुलगी नाही असं शपथेवर द्या. मग नाव राहील.”

६. सबब, मी पहिला अर्ज मागे घेत आहे. सोबत शपथपत्र जोडले आहे. त्यात लिहिले आहे की, एइनो रासिला हे माझे कोणी नव्हते आणि त्यांचे-माझे रक्ताचे वा अन्य कोणतेही नाते नाही. नोटरींनी ते मला दोनदा वाचून दाखवले आणि पाणी हवे का असे विचारले.

आईने जी सही बंदुकीसमोर केली नाही ती मी खुर्चीवर बसून, चष्मा लावून, स्वच्छ अक्षरात केली आहे. मला राग आहे. तो आपल्यावर आहे आणि माझ्यावरही आहे. पण मी मेल्यावर बादली घेऊन जाणारे कोणी नाही, आणि तेव्हा दगडावर नाव असेल तर निदान येणारा-जाणारा वाचेल. मुलीपेक्षा दगड जास्त दिवस टिकतो, एवढा हिशोब मी केला.

७. तरी, नाव आहे त्याच तिसऱ्या ओळीत कोरण्याचे आदेश व्हावेत. आणखी एक किरकोळ विनंती आहे. नव्या व्यवस्थेनुसार सर्व संतांच्या दिवशी स्मारकाभोवती दोरी बांधली जाईल आणि रखवालदार येणाऱ्या प्रत्येकाला ‘आपण यांच्यापैकी कोणाचे कोण?’ असे विचारून वहीत लिहील, असे कळते. त्याने मला तेवढे विचारू नये. शपथ घेतल्यामुळे मला खरे सांगता येणार नाही, आणि त्यांच्या नावासमोर उभी राहून खोटे सांगणे माझ्याने होणार नाही.

सोबत : शपथपत्र (नमुना दोन), पहिला अर्ज मागे घेतल्याचे पत्र.

दि. ९ ऑक्टोबर २००९

आपल्या कार्यालयाच्या लेखी कोणाचीही कोणी नसलेली,

(सही)
रेमेई पुजाल विव्हेस