श्वासाच्या मागावर

२ डिसेंबर
पोचले एकदाची धारवाडला. नाशिकहून निघताना आई डोळे पुसत होती, आणि मला मात्र इथं स्टेशनाबाहेर पाऊल टाकल्यापासून उगाच हसू येतंय. हवा गार आहे, झाडं पुष्कळ. रिक्षावाला कानडीत बोलायला लागला, माझं तोंड बघून मधेच मराठीवर आला आणि मग घरापर्यंत थांबलाच नाही.

घर मळमड्डीत. खाली अंबूताई राहतात, निवृत्त शिक्षिका; वरची खोली माझी. त्यांचा मुलगा प्रभंजन आमच्या कंपनीत होता. ज्या खेळावर मी काम करणार तो त्यानंच सुरू केलेला. गेल्या हिवाळ्यात तो वारला. कलघटगीकडच्या रानात आवाज रेकॉर्ड करायला एकटाच गेला होता, तिथं दम्याचा झटका आला. सतीशनं, म्हणजे त्याच्या मित्रानं आणि आता माझ्या साहेबानं, हे मला फोनवरच सांगितलं होतं. खोलीही त्यानंच बघून दिली. मला वाटलं होतं घरात सुतकी वातावरण असेल. पण ताईंनी दारातच माझी बॅग ओढून घेतली, आधी जेव म्हणाल्या, आणि शेंगाचटणी इतकी वाढली की भाकरी तिच्याखाली दिसेना.

४ डिसेंबर
ऑफिस हुबळीला, देशपांडे नगरात, दातांच्या एका दवाखान्याच्या वर. धारवाड-हुबळी धावणाऱ्या जलद ‘चिगरी’ बसमधून जायचं, खिडकीची जागा मिळाली तर प्रवास मजेचा होतो.

माझं काम खेळण्याचं. नाशिकला कुणाला सांगितलं तर हसतील. खेळाचं नाव ‘माग’. तो अजून पुरा झालेला नाही, अर्ली ॲक्सेसमध्ये आहे. म्हणजे अर्धवट असतानाच लोकांना खेळायला दिलाय आणि त्यांच्या तक्रारी ऐकत ऐकत तो पुरा करायचा. मी तक्रारी वाचते, स्वतः खेळून बघते, चूक खरी असली तर सतीशला दाखवते.

खेळात आपण शिकारी. अळणावरपासून कलघटगीपर्यंतचं सागाचं रान, कलती संध्याकाळ, हातात बंदूक. रानात एक राक्षस आहे, अस्वलासारखा केसाळ पण चालतो माणसासारखा. तो दिसत नाही, त्याची धाप ऐकू येते. हेडफोनवर डाव्या कानात वाढली की डावीकडे वळायचं, मंदावली की समजायचं चुकलो. असा श्वासाचा माग काढत जवळ जायचं आणि त्यानं झडप घालायच्या आत गोळी घालायची. खेळणारी पोरं त्याला ‘धापऱ्या’ म्हणतात.

पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगावर सर्रकन काटा आला. इतका खरा आवाज मी कुठल्याच खेळात ऐकलेला नाही. सतीशला तसं म्हटलं. तो चहा सांगायला खाली गेला.

११ डिसेंबर
ताईंची आणि माझी गट्टी जमली. संध्याकाळी मी आले की आम्ही पायरीवर बसून चुरमुऱ्यांचं गिरमिट खातो. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांचा विद्यार्थी. प्रभंजनबद्दल, त्यांच्या ‘प्रभू’बद्दल, त्या मोकळेपणी बोलतात. तो घरात त्यांना कानडी पद्धतीनं ‘अव्वा’ म्हणायचा, आणि दार उघड म्हणायचं तर ‘दार काढ’. मला आधी कळेना, दार काढून ठेवायचं कुठं? इथं तसंच म्हणतात म्हणे. खूप हसलो.

मग त्यांनी विचारलं, तो रात्रंदिवस जे करत बसायचा ते एकदा दाखवशील का? सतीशनं त्यांना कधीच दाखवलेलं नाही. मी त्याला विचारलं तर तो एकदम तुटक म्हणाला की नको, त्यात मारामारी आहे, त्यांना सोसायचं नाही.

१६ डिसेंबर
विचित्र तक्रार. एक-दोघांची नाही, बऱ्याच जणांची. धापऱ्या झडप घालत नाही. माग काढत जवळ गेलं की तो झाडाखाली बसलेला असतो. गोळी घातली तरी मरत नाही, नुसता धापा टाकतो.

दुपारी मी खेळून पाहिलं. खरंच बसला होता. पाठ माझ्याकडे, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे कानांपर्यंत वर. सतीशला बोलावलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला की अशी हालचाल आपण बनवलेलीच नाही. सगळ्या फाइली उलटसुलट करून झाल्या, कुठंही सापडली नाही.

मी गोळी घालून बघायला हवी होती. घातली नाही. वाईट वाटलं.

२१ डिसेंबर, रविवार
माझ्या हातून फार वाईट झालंय.

ताईंनी पुन्हा विचारलं. आणि मला वाटलं, आईच आहे त्याची, तिचा काय हक्क नाही? जेवणं झाल्यावर लॅपटॉप घेऊन खाली गेले. त्या शेंगा सोलत बसल्या होत्या. हेडफोन त्यांना नको होता म्हणून आवाज मोकळाच सोडला. रान बघून खूश झाल्या. साग ओळखला, टिटवी ओळखली. मग धाप सुरू झाली.

त्यांचे हात थांबले. मांडीवरचं सूप घसरलं, शेंगा सगळीकडे. त्या उठल्या नाहीत.

“हा प्रभूचा दम आहे,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, ताई, तो राक्षसाचा आवाज आहे. त्यांनी ऐकलंच नाही. जवळ ने म्हणाल्या. मी नेलं. तो तसाच बसला होता, खांदे वर करून. ताईंनी हात पुढं केला आणि पडद्यावर, त्याच्या पाठीवर ठेवला. लहानपणापासून झटका आला की तो असाच बसायचा, त्या मागं बसून पाठ चोळायच्या. स्वयंपाकघरातनं नुसता श्वास ऐकून त्यांना कळायचं, आज किती वाढलाय.

मग त्यांनी विचारलं, तुझ्या हातात ती बंदूक कशाला आहे.

२२ डिसेंबर
सतीशला सरळ विचारलं. तो रडला. मोठा माणूस असा रडताना मी पहिल्यांदा पाहिला.

प्रभंजन सापडला तेव्हा रेकॉर्डर त्याच्या शेजारी चालूच होता. किल्ली आणि दम्याचा पंप दोन्ही गाडीत राहिलेले आणि दार लॉक झालेलं. रेकॉर्डर ऑफिसचा, म्हणून तो सतीशकडे परत आला. शेवटपर्यंतचं सगळं त्यात होतं. सतीशनं ते ऐकलं. पुन्हा ऐकलं. राक्षसाला आवाज हवा होता आणि प्रभंजनच्या मनात होता तसाच तो होता. त्यानं मधला तुकडा कापून खेळात घातला आणि बाकीचं पुसून टाकलं. वाटलं होतं, अशानं तो आपल्या कामात राहील. ताईंना सांगू नकोस, असं त्यानं हात जोडून सांगितलं.

मी म्हटलं, त्यांना कळलंय.

हजारो लोक रोज त्या श्वासाच्या मागे बंदूक घेऊन फिरतात. मीही फिरले. वर त्याचं कौतुक केलं.

२४ डिसेंबर
एका खेळणाऱ्यानं खेळताना रेकॉर्ड केलेला तुकडा पाठवला. धापऱ्या काहीतरी बोलतो, ही कुठली भाषा, असं विचारलंय. मी आणि सतीशनं एकत्र ऐकलं. काच वाजवल्यासारखा आवाज. मग धापेच्या मधून, तुटत तुटत—

“अव्वा, दार काढ.”

सतीश पांढराफटक पडला. हेच ते पुसलेलं. गाडीच्या काचेवर हात मारत तो हे म्हणत होता. सतीशखेरीज कुणी ते ऐकलेलं नाही, आणि ते आता कुठंही शिल्लक नाही.

संध्याकाळी ताईंना सांगितलं. लपवायचं आता काही उरलंच नव्हतं. त्या शांत होत्या. पदर नीट केला.

“त्याला त्या रानातनं बाहेर काढा,” त्या म्हणाल्या. “रोज मारायला येतात की त्याला. घरी येऊ दे.”

२७ डिसेंबर
काढला. सतीशनं स्वतः काढला, माझ्यासमोर. आता खेळात एका नटाची धाप आहे. खेळून पाहिलं. राक्षस झडप घालतो, गोळी लागली की मरतो. झाडाखाली कुणी नाही. लोक चिडलेत, पहिला आवाज परत आणा म्हणतात.

हलकं वाटतंय. ताईंना सांगितलं तर त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. मग उठून पुढच्या दाराची कडी काढली आणि दार सताड उघडं टाकलं. हवा यायला, म्हणाल्या. थंडीत.

२९ डिसेंबर
आज सुट्टी घेतली होती. दुपारी खाली गेले तर प्रभंजनच्या खोलीतून धाप ऐकू आली.

लॅपटॉप माझ्या हातात होता. बंद.

ताई त्याच्या खाटेवर बसल्या होत्या, भिंतीला टेकून. पुढ्यात कुणी नव्हतं. त्यांचा हात वर-खाली फिरत होता. हवेत फिरतो तसा नाही. पाठीच्या गोलाईवरून फिरावा तसा, श्वास वर गेला की तोही थोडा वर उचलला जायचा. आणि खाटेची गादी त्यांच्या पुढ्यात, जिथं कुणी नव्हतं तिथं, खोल दबलेली.

त्यांनी मला बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

२ जानेवारी
ताई खूश आहेत. हेच सोसवत नाही. गाणं गुणगुणतात. दोन ताटं वाढतात.

आणि त्यांना धाप लागते. जिना नाही, ओझं नाही, नुसत्या बसल्या बसल्या. डॉक्टरांना घरी आणलं. छाती स्वच्छ आहे म्हणाले, वयामुळं असेल.

मी त्यांना म्हटलं, ताई, तो तुमचा श्वास घेतोय. त्या हसल्या. घेऊ दे की, म्हणाल्या. त्याला तेव्हा कुठं मिळाला.

५ जानेवारी
सतीश आला होता. उंबऱ्याच्या आत आला नाही. बाहेरूनच ऐकलं, अंगणात खाली बसला, तोंड झाकून. दवाखान्यात नेऊया म्हणाला. ताई ऐकेनात. आत्ता तर आलाय तो, म्हणाल्या. एवढं बोलायलाही किती वेळ—

दोघांचे श्वास आता ओळखू येत नाहीत. कोणता कुणाचा.

८ जानेवारी
ताई गेल्या. सकाळी, खाटेवरच. हात पुढं पसरलेला, तळवा खाली.

गादी सपाट होती. धाप नव्हती. मी सगळीकडे कान देऊन पाहिलं. नव्हती.

वाटलं, घेऊन गेल्या त्याला. बरं झालं. खूप रडले, पण बरं झालं.

९ जानेवारी
हुबळीहून त्यांचा पुतण्या आला, त्यानं सगळं केलं. जाताना पुढचं दार लावून घेतलं, कडी घातली. उघडं का ठेवता म्हणाला.

उद्या मी नाशिकला. सतीशनं खेळ बंद केलाय.

१० जानेवारी
दुपार. बॅग भरली. सतीश गाडी घेऊन येतोय, पोचेलच म्हणाला. खालच्या खोलीत बसलेय.

धाप. बाहेर. पायरीवर.

सतीश नव्हे. गाडी नाही आली.

म्हणजे त्या एकट्याच गेल्या. तो कुठंतरी बाहेर होता आणि— दार बंद—

दारावर हात मारतोय. जोरात नाही. शक्ती नाही त्याला.

अव्वा, दार काढ.

पुन्हा.

मागच्या दारानं जाता येईल मला. जायला हवं. पाय निघत नाही. लहान मुलासारखं म्हणतोय. त्याला माहीतच नाही.

अव्वा—

कुणी सांगितलंच नाही त्याला. कायमचा असाच पायरीवर—

कडी काढतेय. सांगायला हवं की अव्वा आता