आत्ता ऐकणारे : १

कारंजा लाड,
९ जानेवारी २०२५

प्रिय ज्योत्स्ना,

नमस्कार. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझ्या हिरालालभाऊंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं. त्यांना रोज चालायला लाव, कुरकुर ऐकू नकोस. अनसिंगला थंडी असेल. तूही मफलर घेत जा, घसा तुझा नाजूक आहे.

इकडे केंद्र ठीक चाललं आहे. निकिताने आपल्या रेडिओची वेबसाइट पुन्हा केली. माझी भाची असली तरी काम चोख आहे. पान मोबाईलवर चटकन उघडतं, आणि 'ऐका' हे बटण चष्म्याशिवायही सापडतं. पहिल्या पानावर 'आत्ता ऐकणारे' असं लिहून खाली ठळक लाल आकडा होता, तो मात्र काल मी काढायला लावला. तो तिथे नको, असं निकिता पहिल्या दिवसापासून सांगत होती. मीच हट्टाने ठेवला होता. हे तुला माहीत नसावं.

तुझी 'मळ्यातली सकाळ' बंद केल्याला सहा आठवडे झाले. त्या वेळेला मी बासरी लावते.

मंगळवारी कामरगावहून रुख्मिणीबाई नावाच्या एक बाई आल्या. भाजीचा मळा आहे त्यांचा. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"ज्योत्स्नाताईचा कार्यक्रम काहून बंद केला?"

मी सांगितलं, आपला रेडिओ इंटरनेटवरच वाजतो, ऐकणारे मोजता येतात, आणि त्या कार्यक्रमाला एकच श्रोता होता.

"एकच? आमी बावीस जणी आयकतो न!"

"मोबाईल किती?"

"एक. माह्या सुनेचा. त्याच्यातच नेट राह्यते. रिकाम्या हंड्यात ठेवला का आवाज मळाभर जाते. तुमचं यंत्र हंड्यात डोकावून नाही पाह्यत काय?" जाता जाता म्हणाल्या, "आन् ते पिपाणी बंद करा. जुड्या बांधता बांधता झोप येते."

काल सकाळी सहाला तुझा एक जुना भाग लावायला सांगितलं आणि स्वतः कामरगावला गेले. विहिरीजवळ बायका गोणपाटावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मध्ये पितळी हंडा, हंड्यात मोबाईल. तुझा आवाज आला तशी जिजाबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. पानाच्या खालच्या बाजूला पांढरे ठिपके दिसतात का पाहा, असं तू म्हणालीस, आणि बाविसांनी हातातलं पान उलटून पाहिलं. मी माझा मोबाईल उघडला. मोजणीच्या पानावर आकडा होता, १.

परत आल्यावर निकिताकडून जुन्या नोंदी पुन्हा मागवल्या. तो एक श्रोता रोज सहाला यायचा आणि सहा अठ्ठावीसला जायचा. मध्ये एकदाही उठलेला नाही. माझ्या 'थेट प्रश्न'ला एकेचाळीस जण यायचे. सरासरी किती वेळ थांबायचे? एक मिनिट चाळीस सेकंद. दोन्ही रकाने शेजारी शेजारी छापलेले होते. मी पहिलाच वाचत होते.

"मावशी, हे मी तुला दर आठवड्याला पाठवत होते," निकिता म्हणाली. खरं आहे ते.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. कार्यक्रम बंद केला त्या बैठकीत मी तुझा आकडा मोठ्याने वाचला. तू एवढंच विचारलंस, तो एक कोण आहे ते पाहिलंस का. मी म्हटलं, "तुझा भाऊच असणार, दुसरं कोण?" देवमन हसला, मदनसिंग हसले. मीही हसले. तू हेडफोन काढलास, त्याची वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवलीस आणि गेलीस. कॉलेजपासून आजवर तू मला कधी उलट बोलली नाहीस. त्या दिवशीही नाही.

तो तुझा भाऊ नव्हता. आणि असता, तरी रोज अठ्ठावीस मिनिटं बसून ऐकणारा माणूस होता.

माफी या पत्रात मागत नाही. जिथे बोलले तिथेच, त्याच माणसांसमोर मागायची आहे. सोमवारी, तेरा तारखेला, सकाळी साडेपाचला सगळ्यांना बोलावलं आहे. गोड बोलायचा सण दुसऱ्या दिवशी आहे, त्यासाठी मी थांबणार नाही. रविवारी दुपारच्या एसटीने निघ आणि माझ्याकडे उतर. हिरालालभाऊंना मी त्या थट्टेत ओढलं होतं, म्हणून त्यांच्याकडे मी स्वतः अनसिंगला येईन.

सोमवारी सहाला बासरी लागणार नाही, जुना भागही नाही. तू आलीस तर तू बोलशील. नाही आलीस तर अठ्ठावीस मिनिटं काहीच लागणार नाही. केंद्राचं एक मिनिटही मी कधी रिकामं जाऊ दिलेलं नाही, हे तू जाणतेस.

हेडफोन तू ठेवलास तिथेच आहे. वायर कोणाला सोडू दिलेली नाही.

तुझी, आता तरी ऐकणारी,
शुभांगी