पाद्र्याचा झगा

अब्बा, तुमच्या दुकानातलं ते फाटक्या पुठ्ठ्याचं पुस्तक परवा कपाटात सापडलं. युद्ध हरल्यावर युरोपभर लपत फिरणाऱ्या नाझींचं. गिऱ्हाईक नसलं की मी काज-बटणं करायची आणि तुम्ही मोठ्यानं वाचायचे. छळछावणीतला डॉक्टर डोंगरातल्या एका चर्चमध्ये पोचतो, पाद्री त्याला स्वतःचा झगा देतो आणि शोधायला आलेल्या शिपायांना सांगतो, इथं कोणी नाही. तिथं तुम्ही पुस्तक आपटलं होतं. "ह्या पाद्र्याच्या हाताले किडे पडाले पायजेत!"

मग तेल्हाऱ्याचा तुमचा दोस्त आला. त्याच्या दुकानातलं भेसळीचं औषध फवारताना हिवरखेडचे दोन मजूर दगावले होते, पोलीस त्याला शोधत होते. त्याचा पांढरा सफारी सगळा तालुका ओळखायचा, म्हणून तुम्ही त्याला वरच्या खोलीत ठेवलं आणि त्याच्यासाठी पठाणी सूट शिवायला घेतला. मी म्हटलं, अब्बा, हा तोच डॉक्टर आहे. तुम्ही माप घेत राहिले. "मेहमान है, बेटा."

आणि अजून डोळ्यांसमोर दिसतं, गेलेल्यांपैकी एकाची बायको अमरावतीला येऊन आपल्या पायरीशी उभी आहे. "भाऊ, तो तुमच्याकडं आला काय?" तुम्ही मशीन थांबवत नाही. "नाही बाई." तेवढ्यात वरून खोकला येतो. "मंग वर कोन हाये?" "पाव्हने हायेत आमचे." पाहुणे म्हटल्यावर आपल्याकडे कोण खोलीत डोकावतं? पाणीही न घेता ती निघून गेली. मला तुमची शिसारी आली, अब्बा. तुम्ही शिवलेले माझे सगळे ड्रेस मी वाटून टाकले. तुमच्या जनाज्याला त्यानं खांदा दिला याची किळस वाटली, आणि तुम्हाला ते चाललं असतं, याची त्याहून जास्त.

हे पत्र पुस्तकात त्या पाद्र्याच्या पानाशी घालून ठेवतेय. पाठवायचं तरी कुठं? काल तुमचा तो दोस्त माझ्या दारात आला होता. केसमधून सुटला, नांदगाव पेठेत आता त्याच्या मुलाचा कारखाना आहे. त्याच्यासाठी एक शिवी मी इतकी वर्षं राखून ठेवली होती. दार उघडलं आणि तोंडातून निघालं, "या, बसा." चहात साखर किती, तेही विचारलं.