लाल ठिपक्यांची पिल्लं

रविवार, ८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तू सुखरूप पोचलीस, परिषदेतली खोलीही ऐसपैस मिळाली, हे वाचून बरं वाटलं. आईचा पाय आता जमिनीला टेकतो. वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत येते आणि माझ्या चहाला नावं ठेवते, म्हणजे बरी आहे असं समज.

आज तुझ्याऐवजी मी प्रयोगशाळेत गेले. कासवांची पिल्लं ठीक आहेत. पाठीवर हिरवा ठिपका असलेली, म्हणजे वाढीच्या हॉर्मोनची इंजेक्शनं दिलेली, चांगली गुबगुबीत. लाल ठिपक्यांची, नुसतं मिठाचं पाणी टोचलेली, किरकोळच. परवा तू सगळ्यांसमोर दाखवणार आहेस तो हाच फरक.

दोन्ही टाक्यांची झाकणं उघडली तशी लाल ठिपक्यांची पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढून काचेला नाकं घासायला लागली. हिरवी ढिम्म. मी सगळ्यांना सारखं खाणं घालायला घेतलं, तर झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "अहो, लालवाल्यांना आज कशाला? शनिवार-रविवार त्यांना सुट्टी असते, मोठ्या बाई म्हणतात ना."

मी हसले गं. खरंच हसले. मग तिथेच स्टुलावर बसले.

आई पडली तेव्हा तू म्हणालीस, "सुट्टीच्या दिवशी तू आईजवळ थांब, पिल्लांचं मी बघते." मी भेटेल त्याला सांगत सुटले, बहीण असावी तर अशी! आणि तू मला टाक्यांपासून लांब ठेवत होतीस. अर्धपोटी ठेवून पिल्लं खुजी केलीस आणि नाव औषधाचं. हॉर्मोनचा गुण थोडाफार असेलही, ताई, पण आता तो कळणार कसा?

तेही एक वेळ पचवलं असतं. आईच्या दुखण्याचा आडोसा घेतलास, ते पचत नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

दुपारी आपल्या प्रयोगशाळेच्या सरांना सगळं सांगितलं. शोधनिबंधावर माझंही नाव आहे. ते तुला फोन करतील. मी करणार नाही, तुझा आवाज ऐकला की मी विरघळते, हे तुलाही माहीत आहे.

आत्ताच आई विचारत होती, "पुढच्या शनिवारपर्यंत येईल ना गं ताई? म्हणजे तू माझ्याजवळ राहशील." मला खोटं बोलता आलं नाही आणि खरं सांगवलं नाही. तिला काय ते तूच सांग.

तुझीच बहीण, त्याला इलाज नाही,
धाकटी