बारा अंशांचं पाणी

दिलसुखनगर, हैदराबाद
२ फेब्रुवारी २०२५

चि. त्रिवेणीस अप्पांचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मला आता निम्मंच ऐकू येतं, म्हणून लिहितेस हे बरं करतेस. तिकडची नोकरी कायम करतो म्हणायलेत, हो म्हणू का, असं विचारलंस. त्याचं सावकाश लिहितो. आधी दुसरं.

मागच्या खेपेला तू म्हणालीस, की ज्या समुद्रफुलांवर, खडकाला चिकटून राहणाऱ्या त्या जिवांवर, तुझं काम चालतं ती हैदराबादेत आठ दिवस जगायची नाहीत. ते मनाला लागलं. अडतीस वर्षं मी अफझलगंजच्या बर्फ कारखान्यात यंत्रं सांभाळली. घरातली एक टाकी थंड ठेवता येणार नाही मला? दोनशे लिटरची करावी म्हणतो. निजायच्या खोलीत ऊन येत नाही, तिथं ठेवू. काय काय लागतं ते कळव. तुझी आई म्हणायली, म्हातारपणी हा काय नाद. पण हसत म्हणायली.

आशीर्वाद आहेतच.
अप्पा


ओबान, स्कॉटलंड
१६ फेब्रुवारी

ती. अप्पांस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग कागद घेऊन बसले. पाणी बारा अंशांवर ठेवायचं, चौदाच्या वर जाऊ द्यायचं नाही. साध्या काचेला बाहेरून घाम सुटेल, म्हणून जाड ॲक्रिलिकची टाकी करून घ्या. पाणी गार करणाऱ्या मशीनला तांब्याची कॉइल बिलकुल नको. तुमचा हात तांब्यावर बसलेला, पण या जीवांना ते विष आहे, टायटॅनियमची मिळते. आरओच्या पाण्यात समुद्री मीठ कालवा आणि सहा आठवडे टाकी जिवांवाचून नुसती चालू ठेवा. लाइट गेली तर काय, तेही आधीच ठरवा.

अप्पा, हे माझ्यासाठी चाललं असेल तर तसं सांगा. नोकरीचं मला जूनअखेर कळवायचं आहे. आईला ऊन सोसत नाही, तिला जपा.

तुमची माया आहे तशीच राहो.
त्रिवेणी


दिलसुखनगर
१८ एप्रिल

चि. त्रिवेणीस अ. उ. आ.

आली तुझी समुद्रफुलं! आपल्या चौकातल्या शोभेच्या माशांच्या दुकानाच्या मंदारने रीतसर कागद करून परदेशातून तीन मागवून दिली. पहिले दोन दिवस मुठीसारखी मिटून होती. काल सकाळी एक उघडलं. मी आईला हाक मारली, आम्ही दोघं खाटेवर बसून तासभर बघत होतो. बाहेर एक्केचाळीस, पाण्यात बारा. बाहेरची झळ येऊ नये म्हणून खिडक्या बंदच ठेवतो.

बघ, जगतात इथं. इथल्या कॉलेजांतही शिकवायला माणसं लागतात. एवढ्यात त्यांना हो म्हणू नकोस. आई ठणठणीत आहे.

सगळं शुभ असो.
अप्पा


दिलसुखनगर
७ मे

चि. त्रिवेणीला आईचे आशीर्वाद.

अप्पांना न सांगता लिहायले. मागच्या आठवड्यात मी घेरी येऊन पडले. दोन दिवस दवाखान्यात सलाईन लावलं. आता बरी आहे, धावून येऊ नकोस. गच्चीवर मिरच्या वाळवताना ऊन लागलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. पण मिरच्या यंदा केल्याच नाहीत मी. टाकीचं पाणी गार करणारं ते मशीन खाटेच्या बाजूनंच गरम वारा सोडतं आणि खिडकी उघडता येत नाही.

त्यांना बोलू नकोस. कारखाना सुटल्यापासून चार वर्षं ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. आता पहाटे उठून पाण्याची मापं लिहितात, चहा करून मला उठवतात. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून तुला लिहिलं.

तुझी
आई


ओबान
२० मे

ती. अप्पांस सा. न. वि. वि.

एकच विचारायचं आहे. मशीनची गरम हवा कुठं सोडलीत?

त्रिवेणी


दिलसुखनगर
३ जून

चि. त्रिवेणीस अ. उ. आ.

तुझी ओळ वाचली. पाण्यातली उष्णता काढली की ती कुठंतरी टाकावी लागते, हे मी कारखान्यात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचो. स्वतःच्या घरात विसरलो. टाकीतला थर्मामीटर काढून आईच्या उशीवर ठेवला. एकोणचाळीस.

तिला विचारलं, बोलली का नाहीस. ती म्हणाली, "तुम्ही सकाळी उठत होता, मला तेवढं पुरे होतं."

मंदारच्या ओळखीनं एका कॉलेजात शीतगृहाची खोली मिळाली. समुद्रफुलं बर्फाच्या पेटीत घालून, ऑटोत मांडीवर धरून नेली मी. दोन जगली, एक वाटेत गेलं. मशीन बंद केलं, खिडक्या उघडल्या. त्या दिवशी आई दुपारभर झोपली. मी पंख्याखाली तिच्याजवळ बसून होतो.

त्रिवेणी, तू परत यावीस म्हणून केलं मी हे सगळं. सरळ विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून चार महिने तुझं उत्तर अडवून ठेवलं. त्यांना हो म्हण. हे मनापासून लिहितो आहे, आईनं वाचून पाहिलं आहे.

सप्टेंबरात आम्हीच तिकडं यावं म्हणतो. पासपोर्टसाठी आज दोघांचे फोटो काढले. मग जोडीनं एक काढताना फोटोवाल्यानं किती सांगितलं, तरी आईनं माझ्याकडं बघितलं नाही. तुला अडवलं याचा राग आहे अजून तिचा. तो मी भोगीन.

तुझ्यावर जीव आहे, तो कमी व्हायचा नाही.
अप्पा