इराच्या हातातलं जर्मन इंजिन

ती. बाबा,
इथूनच तुमच्या पाया पडते.

मी आणि इरा सुखरूप आहोत. अल ऐनला माझी मैत्रीण हेमा हिच्याकडे राहतोय. तिचा नवरा पुण्याला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. फोनवर हे बोलता येत नाही.

रविवारी जेवताना कुशलने पुन्हा हात उचलला. या वेळी माझा गळा धरला आणि सोडेना. इरा "स्टॉप इट, डॅडी" म्हणत राहिली. मग तिने मागून तिचं खेळण्यातलं इंजिन त्याच्या डोक्यात घातलं. जर्मनीच्या एक्स्प्रेस गाड्या ओढणारं म्हणून तुम्ही कौतुकाने दिलेलं तेच १०३ नंबरच्या विजेच्या इंजिनाचं मॉडेल, अख्खं धातूचं. रक्त खूप गेलं, पण कुशल वाचला.

त्याने मारणाऱ्याला पाहिलं नाही; माझे हात मोकळे होते, म्हणून मीच मारलं असं त्याला वाटतं. पोलिसांना मी सांगितलं, मीच मारलं. माझा पासपोर्ट त्यांच्याकडे आहे. इन्शाल्ला, लवकर खलास होईल सगळं.

आईचं बीपी कसं आहे? तिला सांगा, आम्ही सुट्टीवर आलोय.

इरा सारखी म्हणते, "मम्मा, आय विल टेल देम." मला आत ठेवलं, तर ताबडतोब या आणि तिला घेऊन जा. तिला खरं बोलू देऊ नका, बाबा.

तुमचीच,
सुचित्रा